१८० अंशांवर क्युअर होणाऱ्या कार्बन चॅनलचा साचा कशाचा करावा: ॲल्युमिनियम, इन्व्हार की कार्बन?

साचेबद्ध (धागाकर्ता)

कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेगपासून (म्हणजे आधीच रेझिन भिनवलेल्या कार्बन-तंतूंच्या थरांपासून) तीन मीटर लांबीचा, चॅनलच्या (इंग्रजी U सारख्या) छेदाचा एक भाग तयार करायचा आहे. वेबची (मधल्या सपाट भागाची) रुंदी २०० मिमी, दोन्ही फ्लँज (बाजूच्या भिंती) प्रत्येकी ८० मिमी, जाडी ४ मिमी आणि कोपऱ्याची आतली त्रिज्या ६ मिमी आहे. हा भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवणाऱ्या बंद भट्टीत) ७ बार दाबाखाली १८० अंश सेल्सिअसला क्युअर होईल, म्हणजे तापून कायमचा घट्ट होईल. फ्लँजच्या बाहेरच्या पृष्ठभागांवर पुढे दुसरी लॅमिनेट (अशाच थरांचे तयार पत्रे) चिकटवली जाणार असल्यामुळे त्या पृष्ठभागांचा कोन आणि त्यांच्यातील अंतर सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. लांबीच्या दिशेने दोन टोकांना जोडणीची छिद्रे आहेत आणि त्यांच्यातील अंतरात अर्धा मिमीपेक्षा जास्त फरक चालणार नाही. पहिल्या टप्प्यात पन्नासेक भाग लागतील; पुढचे अजून ठरलेले नाही.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या मशिनिंगची सोय चांगली आहे, त्यामुळे भरीव ठोकळ्यातून नर साचा (ज्याच्यावर बाहेरून थर लावतात तो) कापून घ्यावा असा माझा विचार आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बरेच वाढते हे मान्य. पण ती वाढ गणिताने काढता येते आणि साचा तेवढा आखूड कापून घेता येतो. मग इन्व्हार (तापल्यावर फारच थोडा वाढणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) किंवा कार्बनचा साचा करण्याचा खटाटोप लोक का करतात, हे जाणकारांनी सांगावे.

मितीमापक

आधी तुमचे गणित पूर्ण करून पाहू. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते, साधे पोलाद १२, इन्व्हार सुमारे दीड, आणि सर्व दिशांना समतोल थर असलेले कार्बन लॅमिनेट त्याच्या प्रतलात साधारण ३. खोलीचे तापमान २० अंश धरले तर १८० पर्यंत १६० अंशांचा फरक पडतो. तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा साचा तेवढ्यात ११ मिमी वाढतो, पोलादाचा पावणेसहा मिमी, इन्व्हारचा पाऊण मिमीच्या आत. तुमचा भाग १८० अंशांवर साच्याच्या तेव्हाच्या लांबीवर घट्ट होतो आणि थंड होताना स्वतः जेमतेम दीड मिमी आक्रसतो. म्हणजे साचा रेखाचित्रातल्या मापाने कापला, तर भाग साडेनऊ मिमीने लांब निघेल. साचा २९९०.४ मिमीचा केला, की भाग तीन मीटरचा मिळेल. इथपर्यंत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

अडचण त्यापुढची आहे. या हिशेबात आपण असे गृहीत धरले, की भागाची लांबी नेमकी १८० अंशांवर पक्की होते. प्रत्यक्षात ती पक्की होते रेझिन जेल होऊन (वाहणे थांबून) त्याला पुरेसा ताठपणा आल्यावर, आणि तो क्षण कोणत्या तापमानाला येईल हे तापमान किती वेगाने वाढवले, मध्ये थांबा घेतला का, प्रीप्रेग फ्रीझरबाहेर किती काळ राहिले, साच्याचा कोणता भाग मागे रेंगाळला, अशा अनेक गोष्टींवर ठरते. शिवाय जेल झाल्यानंतरही साचा वाढत राहिला, तर तो अर्धवट घट्ट झालेल्या लॅमिनेटला आपल्याबरोबर ओढतो. हे पक्के होण्याचे तापमान १८० ऐवजी १७० निघाले, तर ॲल्युमिनियमच्या साच्यावर तीन मीटरमागे ०.६ मिमीचा फरक पडतो. तुमची सगळी सवलत तिथेच संपली. इन्व्हारवर त्याच दहा अंशांचा फरक ०.०५ मिमीपेक्षाही कमी असतो.

म्हणून साच्याच्या प्रसरणाचा आकडा मोठा आहे, हे ॲल्युमिनियम टाळण्याचे खरे कारण नव्हे. साचा आखूड कापून सरासरी चूक दुरुस्त होते. एका खेपेतून दुसऱ्या खेपेत होणारा चढउतार मात्र कोणत्याही गुणकाने दुरुस्त होत नाही. साच्याचे आणि भागाचे प्रसरण जितके जवळ, तितका हा चढउतार लहान. अर्ध्या मीटरच्या भागासाठी मी डोळे झाकून ॲल्युमिनियम घेईन; तीन मीटर आणि अर्धा मिमी या जोडीला ते झेपणार नाही.

भट्टीपाळ

लांबीचे सोडा, भरीव ठोकळा ऑटोक्लेव्हमध्ये टाकणे हाच मुळात चुकीचा बेत आहे. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे ठोकळा पटकन तापेल असे वाटते. पण ऑटोक्लेव्हमध्ये अडथळा धातूच्या आत नसतो, तो फिरणाऱ्या वायूकडून साच्याच्या पृष्ठभागाकडे उष्णता जाण्यात असतो. हा दर प्रति चौरस मीटर प्रति अंश ६० वॅट धरा. दोन्ही बाजूंनी वारा लागणारा १२ मिमी जाडीचा इन्व्हारचा पत्रा असेल आणि वायूचे तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढवले, तर तो पत्रा वायूच्या मागे साधारण १४ अंश राहतो. त्याच परिस्थितीत १०० मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा ६५ अंशांहून अधिक मागे पडतो. मजेची गोष्ट अशी, की इन्व्हारची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, तरीही इथे बाजी इन्व्हारच मारतो.

मागे पडण्याचा परिणाम असा, की क्युअरचा थांबा सर्वांत मागे असलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) तापमान गाठल्यावर मोजायला सुरुवात होते. तोपर्यंत पुढे असलेला भाग १८० अंशांवर शिजत बसतो. मोकळ्या कडेला एक इतिहास, मध्यभागी दुसरा. मितीमापक यांनी सांगितलेला दहा अंशांचा फरक एकाच भागाच्या दोन टोकांमध्येही पडू शकतो, आणि मग एकच गुणक लावायचा तरी कोणत्या टोकाला?

साचा कोणत्याही धातूचा करा, पण पृष्ठभागाचा पत्रा एकसारख्या जाडीचा ठेवा आणि त्याला खालून जाळीदार आधार द्या. त्या आधाराच्या उभ्या पट्ट्यांना वारा आरपार जाईल एवढी मोठी भोके हवीत आणि पट्ट्यांची दिशा वायूच्या प्रवाहाला आडवी नको. भोके लहान ठेवली की आधाराच्या खोक्यांत वायू कोंडतो आणि साच्याची पाठ थंड राहते. साचा तयार झाल्यावर पहिला खरा भाग करण्याआधी, त्यावर निरुपयोगी लॅमिनेट टाकून थर्मोकपल लावावेत आणि कुठली जागा पुढे पळते व कुठली मागे राहते याचा नकाशा काढावा. पुढच्या सर्व खेपांत थर्मोकपल त्याच दोन जागी, कापून टाकायच्या कडेत ठेवायचे असतात.

शंकेखोर

मग सरळ इन्व्हार घ्या की. प्रसरण नाही, म्हणजे लांबीही बरोबर आणि कोनही बरोबर. वाद कशाला?

कार्बनकाका

शंकेखोर, लांबीबद्दल तुमचे बरोबर आहे, कोनाबद्दल नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

वाकवलेल्या लॅमिनेटचा कोन क्युअरनंतर मिटतो, याला स्प्रिंग-इन म्हणतात. तो साच्याच्या प्रसरणामुळे होत नाही, तर लॅमिनेटच्या स्वतःच्या स्वभावामुळे होतो. प्रतलात तंतू असल्यामुळे लॅमिनेट त्या दिशेने जवळजवळ आक्रसतच नाही. जाडीच्या दिशेने मात्र रोखायला तंतू नसतात, तिथे रेझिनचे राज्य असते. जाडीतले प्रसरण दर मीटरला दर अंशाला ५० मायक्रॉन आणि प्रतलातले ३ धरा. १६० अंश थंड होताना दोहोंतला फरक ०.७५ टक्के होतो. कोपऱ्याच्या कमानीची लांबी तीच राहिली आणि जाडी कमी झाली, तर भूमितीला एकच मार्ग उरतो: कोन मिटणे. ९० अंशांच्या वळणासाठी हे ०.६८ अंश होतात. त्यात जेलनंतर रेझिन रासायनिक क्रियेने आक्रसते त्याची भर पडते. जाडीत ते अर्धा टक्का धरले तर आणखी ०.४५ अंश. एकूण १.१ अंश. ८० मिमीच्या फ्लँजच्या टोकाला हा फरक दीड मिमीचा होतो, आणि चिकटवण्याच्या जोडात एवढी फट कोणीही मान्य करणार नाही.

हे सगळे इन्व्हारच्या साच्यावरही तसेच होईल. साच्याचा धातू बदलून हा कोन सुटत नाही. साच्याचा कोन मुद्दाम ९१.१ अंश करावा लागतो. आता हा १.१ आकडा गणिताचा आहे. प्रत्यक्षात कोपऱ्यात रेझिन किती साठले, थरांची दिशा कोणती, थरांवर घातलेल्या निर्वात बॅगेने कोपऱ्यावर किती दाब दिला, यांवर तो हलतो. म्हणून पूर्ण लांबीच्या साच्याआधी त्याच छेदाचा, त्याच थरांचा, हातभर लांबीचा नमुना करून कोन मोजावा. हे काम वगळून थेट मोठा साचा कापणे म्हणजे पोहता येते की नाही हे न पाहता पाण्यात उडी टाकणे होय.

एक बारकावा सांगतो. नर साच्यावर कोन उघडायचा असेल तर फ्लँजच्या टोकाकडे धातू जास्त लागतो, कारण साच्याच्या बाजू खाली जाताना बाहेर झुकतात. म्हणून सुरुवातीला साचा थोडा जास्तच उघडा ठेवावा. पहिल्या भागाचा कोन मोजून मग बाजू कापून नेमक्या कोनावर आणता येतात. आधीच कमी कोन कापला, तर नंतर धातू परत लावता येत नाही. मादी साच्यात, म्हणजे आतून थर लावायच्या पोकळ साच्यात, हे बरोबर उलटे असते. वर याचा एक फायदा फुकटात मिळतो: बाजू बाहेर झुकलेल्या असल्यामुळे भाग सुटण्यासाठी लागणारा उतार आपोआप मिळून जातो.

साचेबद्ध

कार्बनकाका, हे फारच उपयोगी आहे. पण नर आणि मादी यांतला निर्णय कसा घ्यावा? मी नर साचा धरला होता, कारण त्यावर थर लावणे सोपे जाते.

कार्बनकाका

थर लावणे सोपे हे खरे, पण साच्याला टेकलेला पृष्ठभागच नेमका येतो. बॅगेच्या बाजूचा पृष्ठभाग जाडीच्या चढउताराबरोबर हलतो. तुमचे महत्त्वाचे पृष्ठभाग फ्लँजच्या बाहेरचे आहेत, म्हणजे नर साच्यावर ते बॅगेकडे येतात. रेझिनचे प्रमाण थोडे बदलले आणि ४ मिमीची जाडी ४.१५ झाली, की दोन्ही फ्लँज मिळून बाहेरचे अंतर ०.३ मिमीने वाढले. मादी साच्यात हे अंतर साच्यानेच ठरते आणि जाडीचा चढउतार आत जातो, जिथे कुणाला त्याचे काही पडलेले नसते.

आता धातूचा विचार पुन्हा करा. नर ॲल्युमिनियमचा साचा थंड होताना भागापासून आत सरकतो: २०० मिमीच्या रुंदीत साचा ०.७४ मिमी आक्रसतो आणि भाग ०.१, त्यामुळे भाग सहज सुटतो. मादी साच्यात नेमका हाच गुण वैरी होतो. साच्याच्या बाजू भागाला दोन्हीकडून दाबतात. फ्लँजची टोके स्प्रिंग-इनमुळे आत जात असल्याने तिथे ताण येत नाही, पण वेबच्या कोपऱ्यांत येतो आणि भाग कधी आपणहून उसळून वर येतो, तर कधी कोपऱ्याच्या त्रिज्येत थर सुटतात. त्यामुळे मादी साचा आणि ॲल्युमिनियम ही जोडी मी या कामासाठी बादच करीन.

मादी साच्याचा तोटाही सांगायला हवा. आतल्या कोपऱ्यात थर नीट बसत नाहीत. ते त्रिज्येवर पूल बांधतात, खाली पोकळी राहते आणि तिथे निव्वळ रेझिन जमते. प्रत्येक दोन-तीन थरांनंतर निर्वातात दाबून घेणे, थर कोपऱ्यातून सुरुवात करून बाहेर पसरवणे, आणि बॅगेला कोपऱ्यात भरपूर चुण्या ठेवणे, एवढे पाळावेच लागते. काही जण कोपऱ्यात सिलिकॉन रबराची पट्टी ठेवतात, म्हणजे बॅगेचा दाब तिथे नीट पोचतो. ती पट्टी अतिशय मोजूनमापून करावी लागते, कारण सिलिकॉन रबराचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळपास दहापट असते. सगळीकडून कोंडलेली पट्टी तापली की नको तेवढा दाब देते.

मितीमापक

काकांच्या प्रतिसादाला पुरवणी. कार्बनच्या साच्याबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. धातूचा साचा सर्व दिशांना सारखाच वाढतो, त्यामुळे तापल्यावर त्याची लांबी बदलते पण कोन बदलत नाही. कार्बनचा साचा मात्र भागासारख्याच स्वभावाचा आहे. तो तापताना त्याचा कोपरा उघडतो आणि थंड होताना मिटतो. म्हणजे १८० अंशांवर साचा ०.६८ अंशांनी उघडलेला असतो, भाग त्या उघड्या कोनावर पक्का होतो, आणि थंड होताना दोघे मिळून तेवढेच मिटतात. तापमानामुळे होणारा स्प्रिंग-इनचा हिस्सा एकमेकांत वजा होतो आणि भरपाईसाठी फक्त रासायनिक आक्रसण्याचा हिस्सा उरतो. तुमच्या भागासाठी धातूच्या साच्याचा कोन ९१.१ असेल, तर कार्बनच्या साच्याचा खोलीच्या तापमानाचा कोन ९०.४५ च्या आसपास पुरेल.

हे साच्याचे कवच मोकळे असेल तरच खरे आहे. मागचा आधार कवचाला कोपऱ्याजवळ घट्ट चिकटवला, तर कोपरा उघडू शकत नाही आणि ताण चिकटवलेल्या जोडावर जातो. आधार वेबच्या पाठीला, सपाट भागावर धरावा. बाजूंना शक्यतो मोकळे ठेवावे.

दुसरी बाब अशी, की कार्बनचा साचा ज्या मास्टरवर (मूळ आकाराच्या ठोकळ्यावर) घडवतात त्यावरून सुटल्यावर तो स्वतःही मिटतो. मास्टरचा कोन ठरवताना साच्याचे मिटणे आणि भागाचे मिटणे अशी दोन्ही धरावी लागतात. त्यातही साच्याचे प्रीप्रेग आधी ६० अंशांच्या आसपास मास्टरवर घट्ट करतात आणि नंतर मास्टरवरून काढून, मोकळ्यावर, हळूहळू तापमान चढवत १८० च्या वर पोस्ट-क्युअर करतात. या दुसऱ्या टप्प्यात कोन पुन्हा थोडा हलतो. त्यामुळे मास्टर मोजून साचा बरोबर आहे असे म्हणता येत नाही. मोजायचा तो पोस्ट-क्युअर झालेला साचाच.

शंकेखोर

इतका उपद्व्याप असेल तर इन्व्हारच बरा ना? एकदा कापला की विषय संपला.

भट्टीपाळ

इन्व्हारची बाजू मीच मांडतो, कारण त्याचे आयुष्य हे त्याचे खरे बलस्थान आहे. शार्ल एदुआर ग्योम यांनी १८९६ मध्ये ३६ टक्के निकेल असलेल्या या लोखंडी मिश्रधातूचा गुण शोधला आणि १९२० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले; तेव्हा कामाची गरज होती घड्याळे आणि लांबीची मापे यांची. कंपोझिटच्या साच्यांसाठी हा धातू जणू आयताच मिळाला. पत्रे वाकवून, वेल्ड करून, ताण काढून आणि मग पृष्ठभाग कापून केलेला साचा हजारो खेपा टिकतो. ओरखडा पडला तर वेल्ड करून पुन्हा घासता येतो.

पण तो पोलादापेक्षाही जड आहे, मशिनिंगला चिवट आहे, आणि कच्चा माल मिळायला वेळ लागतो. २०० अंशांच्या वर त्याचे प्रसरण झपाट्याने वाढू लागते, त्यामुळे अधिक तापमानाच्या रेझिनसाठी त्याचा फायदा घटत जातो. शिवाय जड साचा म्हणजे उचलायला क्रेन, ऑटोक्लेव्हच्या गाडीवर भार आणि प्रत्येक खेपेला तापवायचे जास्तीचे वस्तुमान. पन्नास भागांसाठी हे सगळे करावे का, हा प्रश्न रास्त आहे.

निर्वात

आतापर्यंत कोणीच गळतीचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. कार्बनच्या साच्याचे आयुष्य मितीने संपत नाही, गळतीने संपते. प्रत्येक खेपेला तापणे-गार होणे चालू राहिले की रेझिनमध्ये सूक्ष्म भेगा पडतात, त्या थरांतून जोडल्या जातात, आणि एके दिवशी बॅग निर्दोष असूनही निर्वात टिकत नाही. मग लोक बॅगेच्या कडेची सीलंट पट्टी दाबत बसतात, आणि हवा येत असते साच्याच्या पाठीतून, थेट लॅमिनेटच्या खाली. पहिल्या फटक्यात हे सापडणे अवघड, कारण बॅगेवर कान लावून ऐकू येणारा शिट्टीसारखा आवाज इथे येतच नाही.

म्हणून साचा रिकामा असताना, त्यावर फक्त ब्रीदर कापड (बॅगेखालची हवा निघून जाऊ देणारे) आणि बॅग घालून तपासणी करावी. पूर्ण निर्वात घ्यावा, पंपाची झडप बंद करावी आणि पाच मिनिटांत दाब किती चढतो ते पाहावे. ३० मिलिबारपेक्षा जास्त चढला तर साचा ऑटोक्लेव्हमध्ये नेऊ नये. ही तपासणी खोलीच्या तापमानाला उत्तीर्ण झालेला साचा गरम असताना गळू शकतो, त्यामुळे नवीन साचा एकदा रिकामाच तापवूनही पाहावा. एरवी भाग टाकाऊ होण्याचे कारण शोधताना संशय प्रीप्रेगवर जातो आणि साचा नामानिराळा राहतो.

गळती आपण होऊन ओढवून घेण्याचे मार्गही बरेच आहेत. साच्याच्या पृष्ठभागातून आरपार जाणारा एकही बोल्ट नको. पृष्ठभागावर सुरीने प्रीप्रेग कापायला सक्त मनाई हवी. सुरीची एक रेघ पहिल्या थराचे तंतू कापते आणि तिथूनच भेग सुरू होते. सीलंट पट्टीसाठी कापण्याच्या रेषेपलीकडे सगळीकडून १०० ते १५० मिमी सपाट कड ठेवा. ही कड वाचवून साचा लहान केला, की बॅग लावणाऱ्याचे हाल होतात आणि त्याचे हाल शेवटी भागावर दिसतात.

साचेबद्ध

निर्वात, धन्यवाद. अजून दोन पर्याय सुचवले गेले आहेत. एक, दोन्ही बाजूंनी बंद साचा करून कोरड्या कापडात रेझिन दाबाने भरणे, म्हणजे आरटीएम. दुसरा, साचा थ्री-डी प्रिंट करणे. यांवर कोणाचे काही मत आहे का?

मितीमापक

बंद साच्यात दोन्ही पृष्ठभाग नेमके येतात, हा मोठा मोह आहे. पण दाबाचा हिशेब मांडा. ७ बारने रेझिन भरले तर तुमच्या केवळ वेबवर, म्हणजे ०.६ चौरस मीटरवर, सुमारे ४३ टन जोर येतो. साचा उघडू नये म्हणून तेवढी पकड देणारे प्रेस किंवा जाडजूड पोलादी चौकट हवी. कापड आणि साच्याची भिंत यांत कडेला थोडी फट राहिली की रेझिन त्या वाटेने पुढे धावते आणि मधली जागा कोरडी राहते. हे टाळण्यासाठी कापडाचे कटिंगही साच्याइतकेच नेमके लागते. शेकडो भागांसाठी हा मार्ग उत्तम आहे. पन्नाससाठी, आणि तेही साहित्य म्हणून प्रीप्रेग ठरलेले असताना, मी त्या वाटेला जाणार नाही.

भट्टीपाळ

प्रिंट केलेल्या साच्याबद्दल सावध राहा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने बोइंग ७७७एक्सच्या पंखासाठी साडेसतरा फूट लांबीचे अवजार सुमारे ३० तासांत प्रिंट केले आणि त्याचा फार बोलबाला झाला. पण ते क्युअर झालेला भाग धरून कापण्याचे आणि भोके पाडण्याचे अवजार होते. त्याला १८० अंश सोसायचे नव्हते. क्युअरच्या साच्यासाठी उच्च तापमानाचे प्लास्टिक आणि कार्बनचे तुकडे यांचे मिश्रण लागते. छपाईच्या रेषेत तंतू एका दिशेने लागल्यामुळे प्रसरण कमी, पण थरांच्या उभ्या दिशेने ते कित्येक पटींनी जास्त असते. म्हणजे साच्याचे प्रसरण एका आकड्याने सांगताच येत नाही. वर पृष्ठभाग कापावा लागतो, सील करावा लागतो, आणि थरांमधून गळती होते ती निराळीच. कमी तापमानाला क्युअर होणाऱ्या भागासाठी, किंवा कार्बनच्या साच्याचा मास्टर म्हणून, ही पद्धत चांगली आहे.

निर्वात

भाग साच्याला चिकटू नये म्हणून लावायच्या रिलीज एजंटबद्दल एक सूचना राहिली. धागाकर्त्यांचे बाहेरचे पृष्ठभाग पुढे चिकटवायचे आहेत आणि मादी साच्यात नेमके तेच साच्याला टेकणार. सिलिकॉनयुक्त रिलीज एजंटचा अंश भागावर उतरला, तर चिकटवलेला जोड वरवर निर्दोष दिसतो आणि भाराखाली सोलून निघतो. त्या जागी पहिल्या थराखाली पील-प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) घालणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, मात्र पील-प्लायचीही जाडी असते आणि ती साच्याच्या मापात धरावी लागते. रिलीज एजंटचे थर पातळ द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, आणि नवीन साच्याला आधी सीलर लावावा. जास्त लावले म्हणजे जास्त सुटते असे नाही. साठलेला थर चट्ट्यांच्या रूपाने भागावर उमटतो.

कार्बनकाका

माझे मत एकत्र सांगायचे तर: मादी साचा, कार्बनचा, जाळीदार आधार फक्त वेबखाली. थर लावताना एक हलके विणकाम पृष्ठभागाला, मग जाड कापडाचे आठ थर, मग पुन्हा एक हलके, अशी प्रचलित मांडणी पुरेशी आहे. मात्र मधल्या प्रतलाच्या दोन्ही बाजूंना दिशा आरशातल्यासारख्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर साचा पोस्ट-क्युअरमध्ये पिळवटतो. पन्नास भाग हा साचा आरामात देईल. मागणी शेकड्यांत गेली, तर तोपर्यंत खऱ्या भागांवरून कोनाचे आकडे हातात असतील आणि इन्व्हारचा साचा अंदाजाने कापावा लागणार नाही. तेव्हा कोनाचा आकडा मात्र जसाच्या तसा उचलू नका. मितीमापक यांनी दाखवल्याप्रमाणे धातूसाठी त्यात ०.६८ अंश मिळवावे लागतील.

साचेबद्ध

सर्वांचे आभार. ॲल्युमिनियमचा ठोकळा आता मास्टरसाठी वापरण्याचा विचार आहे, कारण साच्याचे पहिले क्युअर ६० अंशांवर होणार आहे आणि तिथे ४० अंशांत त्याची तीन मीटरमागची वाढ पावणेतीन मिमीच्या आसपास राहते. हातभर लांबीचा नमुना आधी करीन.

मितीमापक

मास्टरसाठी ॲल्युमिनियम चालेल. पण पावणेतीन मिमी हीदेखील भरपाई करण्याची वाढ आहे हे विसरू नका, आणि मास्टरच्या रेखाचित्रावर माप कोणत्या तापमानाचे आहे हे स्पष्ट लिहा. भागाचे रेखाचित्र, साच्याचे रेखाचित्र आणि मास्टरचे रेखाचित्र अशी तीन वेगवेगळी मापे एकाच चॅनलसाठी फिरत असतात. तपासणाऱ्याने ती सारखी नाहीत म्हणून साचा नाकारला, असे घडू शकते. प्रत्येक रेखाचित्रावर २० अंशांचे माप, वापरलेला गुणक आणि गृहीत धरलेले पक्के होण्याचे तापमान या तीन गोष्टी असाव्यात. नमुन्यावर कोन मोजाल तेव्हा तो सुटल्यावर लगेच न मोजता, पूर्ण गार झाल्यावर आणि कडा कापण्याआधी व नंतर अशा दोन्ही वेळी मोजा. कडा कापल्यावर आकडा बदलला, तर लॅमिनेटमध्ये अडकलेला ताण किती आहे तेही कळेल.